बेहड्यावरची घरटी

त्या रानात चांगल्या घरट्यात कोणी राहत नसे. अंडी घालायला दगडाची खोबण, बांधाची कपार, गुराच्या खुराने चिखलात पडून वाळलेला खळगा, काहीही चाले. चांगलं घरटं मात्र पाठवायचं असे. रानात मानाची झाडं तीन होती. थोरला बेहडा मधोमध, अर्जुन ओढ्याच्या वळणावर आणि करंज पार उत्तरेच्या अंगाला. ही झाडं दर हंगामात घरटी मागवत, पारखत आणि त्यांतली निवडक आपल्या फांद्यांना टांगत. ज्याचं घरटं टांगलं गेलं ते पाखरू शिवणारं म्हणून ओळखलं जाई. उरलेली सगळी नुसती पाखरं.

नियम सर्वांना तोंडपाठ होते. घरटं पानांचं हवं आणि शिवलेलं हवं. एका वेळी ते एकाच झाडाकडे पाठवायचं. आत स्वतःचं पीस राहता कामा नये, म्हणजे शिवणारा कोण हे झाडावरच्या पारखी पाखरांना कळू नये. सगळ्यांत कडक नियम हा, की घरटं कोरं हवं. त्यात कोणी एकदा जरी अंग टेकलं, एखादं पिल्लू एका दुपारपुरतं जरी निजलं, तरी ते वापरलेलं झालं, आणि वापरलेल्या घरट्याला तिन्ही झाडांचे पारखी चोच लावत नसत. फार पूर्वी म्हणे शिंपी पाखरं फांदीवरच्या जित्या पानालाच टाके घालत, आणि घरटं हंगामभर हिरवं राही. पण पाठवायचं म्हटल्यावर पान तोडणं आलं. तोडलेलं पान शिवल्या दिवसापासून वाळायला लागतं, याबद्दल कोणी तक्रार करत नसे.

या रानात शिंपी पाखरांच्या जातीची एक मादी होती. चोच बारीक आणि नेमकी, म्हणून तिला टाचणी म्हणत. पहिल्याच हंगामात तिने भोकरीच्या दोन पानांचं घरटं शिवलं. सावरीचा कापूस आणला, कोळिष्टकाचा धागा वळला, अकरा दिवस एकच काम केलं. शिवताना तिला इतका आनंद होई की चरायचं भान राहत नसे. तिचा जोडीदार शेपट्या, नावाप्रमाणे लांब शेपटीचा आणि आखूड बोलण्याचा, रोज येऊन शेजारच्या डहाळीवर बसे आणि बघत राही.

"झकास झालंय," बाराव्या दिवशी तो म्हणाला. "कधी राहायला जायचं?"

"खुळा की काय! हे बेहड्याला पाठवायचंय."

"मग आपण कुठं राहायचं?"

"राहू कुठंतरी. आजवर काय उघड्यावर मेलो?"

शेपट्याने यावर मान हलवली. तो वाद घालणाऱ्यांतला नव्हता. घरट्यासोबत पारख्यांच्या न्याहारीसाठी सात अळ्या पाठवायचा रिवाज होता, त्यासाठी टाचणीने दोन दिवस पोटाला चिमटा घेतला. मग कावळ्याला बोलावलं. सगळी ने-आण कावळेच करत. त्याने घरटं देठाला धरून उचललं, अळ्यांतली एक वाटेत आपल्याला म्हणून घेतली आणि तो उडाला.

दोन पुनवा उलटल्यावर घरटं परत आलं. पानं तपकिरी झाली होती आणि बरोबर बेहड्याच्या पानाची चिठ्ठी होती. तिच्यावर चोचीने टोचलं होतं: 'घरटं पोचलं. आवडलं नाही असं नाही. यंदाच्या फांदीत बसत नाही. पुढील शिवणीस शुभेच्छा.'

टाचणी त्या दिवशी खूप रडली. शेपट्याने तिला कोवळी अळी आणून दिली, ती तिने खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी तिने नवी पानं तोडली.

त्या भागातली सगळी शिवणारी पाखरं दुपारी एका बाभळीवर जमत. ज्याच्या त्याच्या पायात आपापली चिठ्ठी असे, आणि सर्वांनी मिळून ती वाचायची असे. मजकूर सर्व चिठ्ठ्यांवर एकच होता, त्यामुळे वाचायचं ते मजकूर सोडून बाकी सगळं. चिठ्ठीच्या पानाला देठ ठेवला असेल तर पारख्यांचं मन झालं होतं. भोकं खोल पडली असतील तर घरट्यावर भांडण झालं असावं. घरटं उशिरा आलं तर आशा होती, लवकर आलं तर कावळा मोकळा होता. या शास्त्रात शेजारच्या वटवटीणबाईंचा अधिकार मोठा. त्या वटवट्यांच्या जातीच्या, वयाने पिकलेल्या, आणि त्यांच्याकडे चिठ्ठ्यांचा एवढा ढीग होता की त्यावरच त्या निजत.

"देठ आहे गं, देठ!" टाचणीची चिठ्ठी उलटीपालटी करून त्या ओरडल्या. "पहिल्या खेपेला देठ! मला तिसऱ्या हंगामात मिळाला होता. तू आता थांबू नकोस बाई. अर्जुनाला टाक, मग करंजाला. हे सोडायचं काम नव्हे."

टाचणीला बरं वाटलं. खरं तर त्या आठवड्यात बेहड्याने कुणाच्याच चिठ्ठीचा देठ काढला नव्हता, कारण देठ काढणारा पारखी आजारी होता. पण हे बाभळीवर कोणाला ठाऊक असणार?

दुसऱ्या हंगामात करंजाची चिठ्ठी आली, तिच्यावर एक ओळ जास्त होती: 'घरट्याला शिवणाऱ्याचा वास येतो.' बाभळीवर खळबळ उडाली. जास्तीची ओळ म्हणजे केवढा मान! टाचणीने पुढचं घरटं शिवून झाल्यावर तीन दिवस ओढ्यात बुडवून ठेवलं. कापूस धुतला, धागा धुतला, पानं दगडावर घासली. भोकरीचा, कापसाचा, तिच्या चोचीचा, सगळा वास गेला. मग ते अर्जुनाला पाठवलं. दोन पुनवांनी उत्तर आलं: 'घरट्याला स्वतःचा वास नाही.' दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून ती बराच वेळ बसली. मग शेपट्याकडे गेली.

"आता तूच सांग, काय करायचं?"

"मला वास येत होता तेव्हा आवडलं होतं," शेपट्या म्हणाला.

"तुझ्या आवडीला काय करायचंय?"

ते खरंच होतं.

तिसऱ्या हंगामाला बेहड्याने मानाची माळ जाहीर केली. एका वेलीला ओवून पाच घरटी पाठवायची, सगळ्या रानातून एकच माळ निवडायची. टाचणीने पाच घरटी शिवली. कोणत्या घरट्याशेजारी कोणतं ओवायचं यात तिचा अर्धा महिना गेला. मान उत्तरेकडच्या कुणा पाखराला मिळाला. त्याच्या माळेतल्या सगळ्या घरट्यांची तोंडं खाली होती. अंडं ठेवलं तर जमिनीवर पडेल अशी घरटी, पण अंडं ठेवायचं कुणाला होतं? पुढच्या वर्षी रानातल्या झाडून सगळ्या पाखरांनी तोंडं खाली शिवली. वटवटीणबाईंनी तर तोंडच ठेवलं नाही. टाचणीनेही पालथी घरटी शिवली. शेपट्याने एकदा खालून वाकून आत पाहिलं. "पालथ्या घड्यावर पाणी," एवढंच तो पुटपुटला आणि चरायला निघून गेला.

पहिल्या तीन हंगामांत तिने अंडीही घातली. कुंपणापलीकडे गुरांच्या वाटेला खुरांचे खळगे होते, त्यांत. मिळून चार पिल्लं उडाली, बाकीची गेली. जी उडाली त्यांच्या चोची कशा होत्या, कोण कशासाठी हट्ट करायचं, हे तिला नीट आठवत नसे. पिल्लं वाढली त्या दिवसांत ती कावळ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असे.

चौथ्या हंगामात तिला काही वाटेनासं झालं. हे एका दिवसात झालं नाही. आधी चिठ्ठी आली की छातीत होणारी धडधड थांबली. मग रडू थांबलं. मग चिठ्ठी न वाचताच ती बाजूला ठेवू लागली. परत आलेलं घरटं उसवायचं, धागा काढून घ्यायचा, नव्या पानांत घालायचा, कावळ्याला हाक मारायची. एकच धागा तीन वेळा जाऊन आला. पूर्वी शिवताना आनंद होई, तोही होत नसे. पण चोच आपली चालत राही, आणि ती चालली नाही तर दिवसाचं काय करायचं हे तिला सुचत नसे. वटवटीणबाईंना ती म्हणाली, "मला आता काहीच होत नाही हो."

"होतं तसं," त्या म्हणाल्या. "मग सोपं जातं."

पाचवा हंगाम आला. शिंपी पाखरांत पाच हंगामांनंतर अंडी धरत नाहीत, हे तिला आणि शेपट्यालाही माहीत होतं. त्याबद्दल दोघं कधी बोलली नव्हती. पण एके सकाळी शेपट्या लांबून कुठून तरी सावरीचा कापूस घेऊन आला आणि तिच्यापुढे ठेवून म्हणाला, "टाचणे, ही शेवटची अंडी. एकदा आपण घरात राहू या. मी कधी काही मागितलं नाही."

टाचणीने कापूस चोचीत घेऊन पाहिला. "बरं," ती म्हणाली.

आणि तिने भोकरीच्या आतल्या बाजूला, उन्हावाऱ्यापासून दूर, फांदीवरच्या जित्या पानाला टाका घातला. असं शिवलेलं तिने कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, तरी चोचीला ते कुठून तरी येत गेलं. पान हिरवं होतं, टाका घातला की किंचित थरथरे. तोंड वर ठेवलं, पावसाची झड येऊ नये म्हणून एक कड दुमडली. तीन अंड्यांना पुरेल एवढी खोली, त्यात कापूस, कापसात मऊ गवत. अर्ध्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आज ती चरायला गेलीच नाही. शेपट्या दिवसभर डहाळीवर बसून शीळ घालत होता. तिला बरं वाटत होतं. किती दिवसांनी वाटत होतं, हे आठवायचा तिने प्रयत्न केला नाही.

नवव्या दिवशी वटवटीणबाई आल्या. घरट्याभोवती दोनदा फिरल्या, आत डोकावल्या आणि पहिल्यांदाच त्यांची वटवट थांबली. मग त्या म्हणाल्या, "टाचणे, हे बेहड्याला जाईल."

"हे आम्हाला राहायला आहे."

"राहायला!" त्या म्हणाल्या. "अगं, माझा जन्म गेला यात. मला असं एक शिवता आलं असतं तर त्यापायी मी उपाशीही राहिले असते. बेहड्याची मुदत परवा संपतेय. अजून आत कोणी बसलेलं नाही ना?"

"नाही."

"मग कोरं आहे," वटवटीणबाई म्हणाल्या आणि गेल्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं.

टाचणी दिवसभर घरट्यासमोर बसली. पोटात अंडी जड झाली होती, दोन दिवसांचा प्रश्न होता. आत शिरून बसलं की संपलं. घरटं वापरलेलं होईल आणि मग काही ठरवायचं राहणार नाही. ती दोनदा काठावर गेली. दोन्ही वेळा तिचे पाय तिथेच थांबले. संध्याकाळच्या आत तिने भोकरीच्या पानाचा देठ आपल्याच चोचीने तोडला. शेपट्या तेव्हा समोर होता. त्याने शीळ थांबवली. तो काही म्हणाला असता तर कदाचित तिने ऐकलं असतं, पण त्याने मागायचं ते एकदा मागून झालं होतं.

कावळा घरटं घेऊन गेला. टाचणीने गुरांच्या वाटेवरच्या खळग्यात तीन अंडी घातली. चौथ्या दिवशी त्या वाटेने गुरं गेली. टाचणी चरून परत आली तेव्हा खळगा सपाट होता. तिने रडू यायची वाट पाहिली. शेजारच्या दगडावर बसून बराच वेळ पाहिली. ते आलं नाही, मग ती पाणी प्यायला गेली.

दोन पुनवांनी कावळा रिकाम्या पायांनी आला. चोचीत नुसती चिठ्ठी होती: 'घरटं घेतलं. टांगलं. पुढील हंगामी पारखी म्हणून हजर व्हावं.'

बाभळीवर त्या दुपारी जो कल्ला झाला तो काय सांगावा! वटवटीणबाईंनी सर्वांना बजावलं की हे आपण आधीच सांगितलं होतं. कितव्या फांदीवर, किती उंच, डावीकडे की उजवीकडे, हे प्रत्येकाने विचारलं. घरटं कसं होतं हे कोणी विचारलं नाही. टाचणीने चिठ्ठी शेपट्याला दाखवली.

"छान," तो म्हणाला.

"बघायला येतोस?"

"नको. मला उंचावर गरगरतं."

ती एकटीच गेली. बेहडा तिने लांबून पुष्कळदा पाहिला होता, आत कधी शिरली नव्हती. फांदीफांदीला घरटी होती. हजारो. वाऱ्याने ती एकमेकांवर आपटत आणि कोरड्या पानांचा सळसळाट होई. तो सोडता झाडावर काही आवाज नव्हता. चार-पाच पाखरं दिसली, ती आपापलं घरटं शोधायला आलेली. सापडलं की ते पाखरू त्याच्यासमोर थोडं बसे आणि उडून जाई. बाजूच्या घरट्याकडे मान वळवलेलं तिने एकही पाहिलं नाही. तिलाही आपलं ओळखू आलं नाही. शेवटी कारभारी बगळ्याने ते दाखवलं. सातव्या फांदीवर, तपकिरी झालेलं. त्याचं तोंड कुणीतरी जाड धाग्याने शिवून टाकलं होतं.

"हे का शिवलं?" तिने विचारलं.

"सगळ्यांचीच शिवतो," बगळा एका पायावरून दुसऱ्या पायावर येत म्हणाला. "उघडं ठेवलं तर कोणी राहायला येतं. मग खराब होतात."

टाचणीला हे पटलं. ती थोडी बसली आणि उडून आली.

पुढच्या हंगामात ती पारखी झाली. पारख्यांची जागा बेहड्याच्या शेंड्यावर होती, तिथून रान हिरव्या गोधडीसारखं दिसे आणि खालचं वेगळं असं काही दिसत नसे. कावळे सकाळपासून घरटी आणून टाकत. चिठ्ठ्यांची पानं बगळा आधीच टोचून ठेवी, पारख्याने फक्त लावायची. पहिले दोन दिवस तिने प्रत्येक घरटं पुढून मागून पाहिलं. तिसऱ्या दिवशी ढीग तिच्या डोक्याच्या वर गेला. मग तिला नुसत्या वजनावरून कळू लागलं. इतकी वर्षं जे क्रूर आहेत असं तिला वाटायचं, ते क्रूर नव्हतेच. त्यांच्यापुढे ढीग होता एवढंच. हे कळूनही तिला काही वाटलं नाही. न्याहारीला अळ्या भरपूर असत.

हंगाम सरत आला असताना एका सकाळी एक घरटं हाती लागलं ते जड होतं. पहिल्या हंगामातल्या कुणाचं तरी असावं. टाके वाकडे, पण प्रत्येक टाका जिथे हवा तिथेच. पान नुकतंच तोडलेलं, अजून हिरवं. तोंड वर. कुठे कुणाची नक्कल नव्हती, वास धुतलेला नव्हता. टाचणीने ते दोनदा, तीनदा फिरवून पाहिलं. तिच्या छातीत धडधडलं. ते तिला मनापासून आवडलं, आणि आपल्याला काही आवडलंय या गोष्टीनेच तिचे डोळे भरून आले. हंगामभरात तिने एकही घरटं घेतलं नव्हतं. हे घ्यायचं, असं तिने ठरवलं. काही झालं तरी घ्यायचं. त्या बिचारीला पाच हंगाम वाट पाहायला लागू नये.

मग तिने आत पाहिलं. कापसात एक अंडं होतं, टिंबटिंबांचं, निळसर. ती नवखी पोर शिवता शिवता आत निजली असणार, आणि घाईत पाठवताना तिला पत्ताही लागला नसणार. टाचणीने चोच लावून पाहिली. अंडं उबदार होतं.

तिने बगळ्याकडे पाहिलं. तो एका पायावर डोळे मिटून उभा होता. बाकीचे पारखी ढिगांत मान घालून बसले होते. कोणाचं लक्ष नव्हतं. वापरलेलं घरटं झाड घेत नाही, आणि हे वापरलेलं आहे हे अजून फक्त तिला एकटीला माहीत होतं. एवढं सुंदर घरटं एवढ्याशा चुकीपायी परत जावं, हे तिला सहन होईना.

तिने अंडं चोचीने अलगद वर घेतलं आणि फांदीच्या कडेवरून सोडलं. झाड उंच होतं, खालचा आवाज तिथवर येत नसे. आत चिकटलेलं एक बारीक पीस तिने काढून टाकलं, कापूस पुन्हा फुलवून सारखा केला. घरटं अजून कोमट होतं. ते निवेपर्यंत ती थांबली, आणि मग जाड धागा घेऊन तिने त्याचं तोंड शिवायला सुरुवात केली.